भिकाजीचा कीबोर्ड कौल देतो

"बोला, होय म्हाराजा!" स्वामींनी ओटीवरून हाक दिली.

"होय म्हाराजा!" पडवी, अंगण, दगडी गडग्यापलीकडचा रस्ता, सगळीकडून एका दमात आरोळी उठली. लांज्याहून दोन टेम्पो भरून माणसं आली होती. भिकाजीच्या घराच्या ओटीवर टेबल, टेबलावर हार घातलेला त्याचा कीबोर्ड. भिकाजीला जाऊन दीड वर्ष झालेलं. समोर कोणी नाही, पट्टीला बोट लागत नाही, आणि कीबोर्ड भिकाजीच्या हातचा अभंग वाजवत होता. तोच घाईचा ठेका, दुसऱ्या ओळीत हमखास होणारी तीच चूक.

बायका डोळे पुसत होत्या. मी मागे खांबाआड लपून उभा होतो, कारण हा चमत्कार मी केला होता.

मी नितेश. रत्नागिरीत माझं रेकॉर्डिंगचं छोटं दुकान आहे. भिकाजी लोटे एमआयडीसीतल्या एका कंपनीत कामाला, सुट्टीला गावच्या भजनमंडळात वाजवायचा. माझा जिवाभावाचा मित्र. त्याचं वादन मी कॉम्प्युटरवर भरून ठेवलेलं. आवाज नव्हे हं. कुठली पट्टी दाबली, किती जोरात, किती वेळ, एवढीच नोंद. तिला मिडी म्हणतात. ती नोंद वायरीतून परत कीबोर्डला धाडली की तो हुबेहूब तसाच वाजतो, पट्ट्या मात्र हलत नाहीत.

वर्षश्राद्धाला मी लॅपटॉप घेऊन गेलो. वायर कीबोर्डच्या पाठीमागे खोचली, नोंद बरोबर पोचावी म्हणून दोन्हीकडे एक नंबरचा चॅनेल लावला, लॅपटॉप माजघरात ठेवला आणि सुरू केलं. भिकाजीच्या बायकोला, मालनवहिनींना, जरा बरं वाटेल म्हणून. वहिनी हातातली वाटी टाकून धावत आल्या. "आले गो, हे आले! ह्यांचाच हात हाय ह्यो!" वर्षभरात ती बाई पहिल्यांदा हसत होती. मी तोंड उघडलं आणि मिटलं. तिथेच मी माती खाल्ली.

भिकाजीचा चुलतभाऊ बाबल्या तिथेच होता. लग्नामुंजीत स्पीकर लावणारा माणूस, त्याला वायर दिसली नसती तरच नवल. आठवड्याने तो माझ्या दुकानात हजर. "नितेशशेट, तुमचा लॅपटॉप माज्याकडं ऱ्हाऊ दे. आनि दोन तुकडे बनवून द्या. एक निस्त्या उजवीकडच्या पट्ट्यांचा, एक डावीकडच्या."

आमच्याकडे देवाला कौल लावतात. उजवा म्हणजे हो, डावा म्हणजे नाही. बाबल्याच्या मनात काय आहे ते मला कळलं नाही, असं कुठल्या तोंडाने म्हणू? कळलं होतं. "वयनीला धीर येतो हो," तो म्हणाला, आणि मी तुकडे करून लॅपटॉप त्याला दिला. लाज वाटते सांगायला. महिन्याभरात बाबल्याचे 'सूरस्वामी' झाले.

आता स्वामींनी डोळे फिरवून हात वर केले. "बा भिकाजी म्हाराजा! तू सात सुरांच्या पल्याड, आमी अल्याड! तुज्या लेकीला बाधा हाय, आनि डाक्टर तिला गोळ्या चारतो हाय. बंद करायच्या आसतील तर उजवा दे!"

कीबोर्डने खणखणीत उजवा दिला.

"होय म्हाराजा!"

भिकाजीची लेक वैष्णवी, बारा वर्षांची. तिला आकडी येते. एकदा विहिरीच्या काठावरच आली होती, बायकांनी धरली म्हणून वाचली. गोळ्या सुरू झाल्यापासून आकडी नाही. एक दिवसही चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि वहिनी गोळ्यांचं पाकीट स्वामींच्या धुनीत टाकायला निघाल्या होत्या.

"वहिनी, थांबा!" मी गर्दीतून घुसलो. "वैष्णवी, माजघरात जा. लॅपटॉप आहे, त्याची सगळ्यात खालची लांब पट्टी, स्पेसबार, दाब."

पोर पळाली. आत बाबल्याचा मेहुणा सागर बसला होता. तो लॅपटॉप मिटायच्या आत तिने पट्टी दाबली. ओटीवर अभंग सुरू झाला.

"परत दाब!"

अभंग अर्ध्यात थांबला. चार माणसं उठून माजघराच्या दाराशी गेली, तसा सागर बाजूला झाला.

"अविश्वास्याची सावली पडली! सूर बाटले!" बाबल्या किंचाळला.

"बाटले? बरं. वैष्णवी, 'डावा' लिहिलंय तो तुकडा लाव." कीबोर्डने आपलाच कौल फिरवला. मग मी पाठीमागची वायर उपटून सगळ्यांसमोर धरली. "आता घाला गाऱ्हाणं."

बाबल्याने दोनदा घातलं. कीबोर्ड गप्प.

"मेल्यान फसवलान गो!" म्हातारी सोनूबाई कपाळावर हात मारून म्हणाली. "आमी वायरीच्या पाया पडलो!"

कोणीतरी हसलं. मालनवहिनी हसल्या नाहीत. "म्हंजे हे आलेच नव्हते?"

"नाही, वहिनी."

"आनि तुमाला पयल्या दिसापासून ठाव?"

"हो."

त्यांनी पाकिटातली गोळी काढून लेकीच्या हातावर ठेवली, पाणी दिलं, ती गिळेपर्यंत उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. "भावजी, माजा घोव एकदा मेला होता. आज तुमी दुसऱ्यांदा मारलात."

बाबल्याला शिव्या द्यायला सगळे आहेत. मला कोणी देत नाही, म्हणून मीच लिहून ठेवतो आहे. बाबांनो, असं काही दिसलं तर हात जोडायच्या आधी टेबलामागे जाऊन बघा. औषध बंद करायचं की नाही ते डॉक्टरला विचारा. आणि वायर कुठे जाते हे ज्याला ठाऊक आहे, त्याने त्याच दिवशी सांगून टाकावं, समोरचं माणूस कितीही रडलं तरी.