लाल चकत्यांचा फळा

मी एक जुना पांढरा फळा आहे, मित्रांनो. खडूशी माझं कधी जमलं नाही. मला शाईचं पेन लागतं. एवढा थाट सोडला तर मी अगदी साधा आहे.

घोटावड्याच्या एका शेडमध्ये माझा जन्म झाला. पत्रा कापला, पांढरा मुलामा चढवला, चौकट ठोकली आणि मी टेंपोत उभा राहून मारुंजीला निघालो. खड्ड्यांनी हाडं खिळखिळी केली, पण नशीब बरं होतं. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एका छोट्या कंपनीत मला भिंतीवर मानाची जागा मिळाली.

मला खरं घडवलं ते स्नेहलने. ती कोळवणची, भाताच्या खाचरात वाढलेली, आणि पहिल्यांदाच एका गटाची प्रमुख झालेली. तिने काळ्या चिकटपट्टीने माझ्यावर रकाने आखले: करायचं, चालू, तपासणी, झालं. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी. काम सरकलं की चिठ्ठीही पुढच्या रकान्यात. रोज सकाळी सगळ्यांनी माझ्यासमोर उभं राहून बोलायचं. बसलं की गप्पा लांबतात. आणि 'चालू'मध्ये एकाची एकच चिठ्ठी. यावर गटातला साहिल कुरकुरला, त्याला म्हणे एका वेळी तीन कामं जमतात. हाच पठ्ठ्या, ज्याने न पुसणाऱ्या पेनने माझ्यावर तारीख लिहून ठेवली! ती अजून अंगावर आहे.

स्नेहल त्याला म्हणाली, "आमच्याकडे हातातली मूठ लावून झाल्याशिवाय रोपांची दुसरी मूठ उचलत नाहीत. दोन धरल्या की एकही रोप धड लागत नाही."

कोपऱ्यात तिने लोहचुंबकाच्या लाल चकत्याही ठेवल्या. काम अडलं की चिठ्ठीवर चकती लावायची. पण खरं सांगू? त्यांना कुणी हात लावेना. लाल म्हणजे नापास, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

सगळ्यांत जास्त भ्यायचा इंद्रजित. मारुंजीचाच मुलगा. घरचे खोल्या भाड्याने देतात, कंपनीत लागलेला घरातला हाच पहिला. वडिलांनी गावभर सांगून टाकलं होतं. नोकरी मात्र अजून पक्की व्हायची होती. शाळेची बस कुठे पोचली हे पालकांना फोनवर दिसावं, असं ॲप हा गट करत होता, आणि नकाशावर बस दाखवायचं काम इंद्रजितकडे होतं. शाळा उघडायच्या आत ते झालं नाही तर घरी बसावं लागेल, असं कंपनीच्या साहेबांनी त्याला बजावलं होतं. तो रोज म्हणायचा, होत आलंय. चिठ्ठी मात्र जागची हलत नव्हती.

तेवढ्यात साहेबांनी नवा फळा आणला, संगणकातला. मला उतरवून पाण्याच्या फिल्टरमागे भिंतीकडे तोंड करून ठेवलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. नवा फळा हुशार होता, दूरच्या माणसालाही दिसायचा. पण आता सकाळी कुणी एकत्र उभं राहीना. जो तो आपल्या संगणकाच्या पडद्यात.

डोळे भिंतीला असले तरी माझे कान मोकळे होते. एके दुपारी इंद्रजित पाणी प्यायला आला. फोनवर वडील असावेत. "व्हय आण्णा, बरं चाललंय," तो म्हणाला. फोन ठेवला आणि तिथेच हुंदका दाबत उभा राहिला. मला तोंड असतं तर हाका मारल्या असत्या हो! पण बाटली भरायला आलेल्या स्नेहलने ते ऐकलं होतं. ती मागच्या मागे वळली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा भिंतीवर होतो. सगळ्यांना उभं करून स्नेहलने स्वतःच्याच चिठ्ठीवर पहिली लाल चकती लावली. "मी अडलेय," ती म्हणाली. "किमया, मला हे येत नाही. माझ्याबरोबर बसशील?"

गटातली किमया लगेच हो म्हणाली. मग साहिलने मान खाजवत आपल्या चिठ्ठीवर चकती लावली. सगळ्यांत शेवटी इंद्रजित पुढे आला. त्याने नकाशाच्या चिठ्ठीवर चकती लावली.

"ताई, मला पैल्यापासूनच कळलं न्हाई."

"भाताच्या लावणीत एकाच्या वाट्याची पात मागे राहिली की शेजारचे त्याच्या पातीत हात घालतात," स्नेहल म्हणाली. "चला, खुर्च्या घ्या."

साहेब आले ते माझ्यावरचं लाल पाहून चपापले. कोण कोण मागे पडलंय, असं त्यांनी विचारलं. स्नेहलने शांतपणे सांगितलं, की अडलेलं दिसलं तरच सुटेल. मग साहेबांनीही एक खुर्ची ओढली.

शाळा उघडायच्या आत नकाशावर बस धावू लागली. इंद्रजितने चकती काढली, चिठ्ठी 'झालं'मध्ये लावली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली, जणू ती पळून जाणार होती! पुढे त्याची नोकरी पक्की झाली.

आता संगणकातला फळाही आहे आणि मीही आहे. माझ्या चौकटीचे कोपरे सैल झालेत. मित्रांनो, मला ओल्या फडक्याने पुसा, न पुसणारं पेन लांब ठेवा, आणि कधी तुमचं काही अडलं तर माझ्यासारख्या फळ्यासमोर येऊन मोकळेपणी सांगा.

परवाच पिंकी नावाची नवी मुलगी लागली. तिला काम दाखवायला इंद्रजित माझ्यापाशी घेऊन आला. रकाने सांगण्याआधी त्याने मूठभर लाल चकत्या उचलून तिच्या हातावर ठेवल्या.

"हितनं सुरुवात कर," तो म्हणाला.