नकाराचा सराव

लेकीला नाही म्हणता येत नाही, हे आईच्या केव्हाच लक्षात आलं होतं. चौघींची टोळी, आणि टोळीची म्होरकी म्हणजे शाळेच्या व्हॉलीबॉल टीमची कॅप्टन. कॅप्टनने केस कापले की आठवडाभरात चौघींचे कापलेले असायचे. केसांचं ठीक होतं, केस वाढतात. पण आता दहावीनंतरचे विषय निवडायचे होते.

लेकीला जीवशास्त्र घ्यायचं होतं. लहानपणापासून तिचं तेच ठरलेलं. कॅप्टनचा फतवा मात्र निघाला होता, की चौघींनी कॉमर्स घ्यायचं, एका वर्गात, एका बाकावर. फॉर्म शाळेतल्या कॉम्प्युटरवर भरायचा होता आणि एकदा पाठवला की त्यात बदल नाही.

आई रक्ततपासणीच्या लॅबमध्ये वीस वर्षं काम करत होती. कुठलीही गोष्ट मोजूनमापून, रोज थोडी थोडी केली की जमते, यावर तिचा विश्वास. तिने पंचवीस दिवस आधीपासून सराव सुरू केला. लॅबमधल्या सकाळच्या पाळीहून ती घरी आली की दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायच्या आणि आई कॅप्टन व्हायची.

"ए शहाणे, बेडूक कापत बसणारेस का? तेही आमच्याशिवाय?"

"मी नाही घेणार कॉमर्स."

"पुटपुटतेस काय अशी! खांदे सरळ कर. पुन्हा."

"आई, कॅप्टनला गुडघेदुखी नाहीये गं. तू बसताना कण्हू नकोस."

"विषय बदलू नकोस, कार्टे. हं. भाव खातेस होय गं आता?"

"भाव कसला? मला जीवशास्त्र आवडतं. तुम्ही घ्या कॉमर्स, डबा खायला येईन मी तुमच्यात."

त्या दिवशी आईने दहापैकी नऊ दिले. शेवटच्या आठवड्यात तर पोरगी अशी ठणकावून बोलायला लागली, की कॅप्टनचीच बोलती बंद व्हायची.

फॉर्मच्या दिवशी आई अर्धी रजा टाकून लवकर घरी आली. लेक दुपारी आली आणि दारातच बुटांचे बंद सोडत बसली.

"काय झालं?"

"कॉमर्स."

"काय म्हणाली ती?"

"काही नाही. 'भर ना', एवढंच."

"आणि तू?"

"भरला."

"पाठवलास?"

लेकीने मान डोलावली.

आईचा पारा चढला. "पंचवीस दिवस घसा कोरडा केला मी! चांगलं येत होतं तुला नाही म्हणता!"

"येत होतं ना," लेक म्हणाली. "पण इथे तुला 'नाही' हवं असायचं. तिथे तिला 'हो' हवं होतं."

ती उलट बोलत नव्हती. काट्यावरचं वजन वाचून दाखवावं तसं तिने सांगितलं.

आई स्वयंपाकघरात जाऊन टेबलाशी बसली आणि मागोमाग लेकही येऊन समोर बसली. तपासणी करताना एक नळी नमुना न घालता कोरी ठेवायची, नाहीतर दिसतंय ते कशामुळे हे कळत नाही, असं ती लॅबमधल्या नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवत असे. घरात तिने कोरी नळी ठेवलीच नव्हती. पंचवीस दुपारी पोरीने एकदाही नकार दिला नव्हता. आईने सांगितलेलं तेवढं ऐकलं होतं.

"जाऊ दे," आई म्हणाली. "कॉमर्सही काही वाईट नाही."

लेकीचा चेहरा खुलला. "नाहीच मुळी! उलट बरंच आहे."

"पण जीवशास्त्राची सर नाही त्याला."

"हो, तेही खरंच," लेक लगेच म्हणाली. "जीवशास्त्रच बरं होतं."

आई उठली आणि लेकीकडे पाठ करून ओट्याशी जाऊन उभी राहिली.

"आता मी काही बोलत नाही. तू सांग. तुला काय हवं होतं?"

मागे खुर्ची सरकली. लेक हळूच आईच्या बाजूला येऊन उभी राहिली आणि मान वाकवून तिचा चेहरा बघू लागली.