आराम आहे ना?

आमच्या पोरीला घरात सगळे भिंगरी म्हणतात. खरं नाव शाळेच्या दाखल्यात आहे, तिथेच राहू दे. ती उभी राहिली ती पळायलाच लागली, मधे चालणं असं काही आलंच नाही.

माझं बूट-चपला दुरुस्तीचं दुकान. पुढे दुकान, मागे घर, मधे एक पडदा. तीस वर्षं एकाच स्टुलावर बसून माझं बूड चपटं झालं, आणि पोटी निघाली ही. पंधराव्या वर्षी आठशे मीटर पळायला लागली. मी मैदानावर बघायला जायचो, तर ती पळायची तिकडे आणि पाय हलायचे माझे.

मग तिची नडगी दुखायला लागली. बोलली नाही. बायकोनेच पकडलं.

"जिना उतरताना ही कठडा धरते. माझी आजी झाली का ही?"

नेली डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी फोटो काढला, उजेडाला धरला. "हाडाला चीर गेलीय. केसाएवढीच आहे. सहा आठवडे आराम. पळणं नाही, उड्या नाहीत."

निवडीची शर्यत नऊ आठवड्यांवर. त्यात पहिल्या तिघींत आली, तर सरकारी क्रीडाशाळेत जाणार. तिथे राहायचं, शिकायचं, पळायचं. पोरीने दुसरं काही मागितलंच नव्हतं कधी. तिच्या सरांनी बोटं मोजली. "सहा आराम, तीन हलका सराव. जमेल. पण सहा म्हणजे सहाच, काय?"

भिंगरीने मान हलवली. सगळ्यांदेखत.

मी रोज सकाळी दुकान उघडलं की पडद्याकडे तोंड करून ओरडायचो, "काय गं, आराम आहे ना?"

आतून आवाज यायचा, "आहे बाबा, आराम आहे!"

मी खूश. बायकोला म्हणालो, "बघ, पोरगी शहाणी झाली."

"तुमच्यावर गेली असती तर झाली नसती," ती म्हणाली.

चौथ्या आठवड्यात माझ्याकडे एक गिऱ्हाईक आलं, त्याला तळ चिकटवून लगेच हवा होता. चिकटवून वजनाखाली ठेवला, आणि नीट धरलेला तळ कसा टिकतो ते त्याला दाखवायला मी भिंगरीचे पळायचे बूट फळीवरून काढले. उलटे केले आणि हात थांबला. मी बुटाचा तळ वाचतो. अक्षरं वाचायला मला वेळ लागतो, पण तळ नाही. बाहेरची कड ताजी घासलेली. खाचांत बारीक खडी, ओलसर. आजची.

गिऱ्हाइकाला म्हटलं, "थांबा जरा." पडदा बाजूला केला.

"हे काय?"

ती पाटावर बसून वही लिहीत होती. बुटाकडे बघितलं आणि रंगच उडाला तोंडाचा.

"दूध आणायला जाते ना... तेव्हा तळ्याला एक फेरी. हळूच."

"अगं, मग रोज मला काय सांगत होतीस? आराम आहे म्हणून?"

"होताच ना! दुखत नव्हतं. तुम्ही विचारायचात आराम आहे का, मी म्हणायचे, 'आहे'."

"मी विचारत होतो आराम करतेस ना!"

"असं कुठे विचारलंत?"

आता सांगा. दोघेही खरं बोलत होतो. बायको मोरीतून बाहेर आली, एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. "बाप-लेक दोघांना मराठी शिकवायला मास्तर ठेवते," म्हणाली, आणि डोळ्याला पदर लावला.

पडद्यापलीकडून गिऱ्हाईक ओरडलं, "अहो, चिकटलंय की! द्या लवकर!"

मी भिंगरीला म्हटलं, "ऐक. तो म्हणतोय चिकटलंय. दिसतंय तसंच. पण आत्ता घालून चालला तर चौकापर्यंत तळ जबडा उघडणार. तळ वजनाखाली ठेवून देतो ना, तेव्हाच तो धरतो. मी हात लावत नसतो तेव्हा."

तिने ऐकलं. पण उशीर झाला होता. दुसऱ्या फोटोत चीर लांबलेली. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "बाळा, पळताना अंग झिजतं. भरून येतं ते तू पडून असतेस तेव्हा. तोही सरावच आहे. आता आजपासून पहिला दिवस. आठ आठवडे."

निवड पाच आठवड्यांवर होती. परत येताना रिक्षात ती बाहेर बघत बसली. चूक तिची होती, माझीही होती. एक शब्द नीट विचारला असता तर.

निवडीच्या दिवशी म्हणाली, "बघायला जाऊया."

"कशाला जीव जाळतेस?"

"जाऊया ना बाबा."

गेलो. पायऱ्यांवर बसलो. आठशेवाल्या मुली उभ्या राहिल्या, आणि हिने माझा हात धरला, गच्च, लहानपणी सुई टोचायची तेव्हा धरायची तसा. शिट्टी झाली. दुसऱ्या फेरीला हिचा श्वास त्यांच्याबरोबर चढला. पहिली आली तिला हिने गेल्या वर्षी हरवलं होतं. भिंगरीने टाळ्या वाजवल्या. जोरात. मग हात मांडीवर ठेवले आणि तसेच राहिले.

माणसं पांगली. मैदान रिकामं झालं.

"बाबा, मी खाली जाऊन नुसती उभी राहू?"

"नुसती."

ती उतरली. रेघेवर जाऊन उभी राहिली. एक पाय पुढे, जरा वाकलेली. वाऱ्याने तिची वेणी हलत होती, बाकी काही नाही. पूर्ण रिकामी फेरी तिच्यापुढे पसरलेली. आणि खरं सांगतो, माझ्या जिभेवर आलं होतं, पळ. एकच फेरी, कोण बघतंय? मला स्वतःला बघायचं होतं हो. दोन महिने झाले होते तिला पळताना बघून. मी ओठ दाबून धरले.

ती कितीतरी वेळ तशीच होती. मग सरळ झाली, पाठ फिरवली आणि माझ्याकडे यायला निघाली. चालत.