व्याह्यांच्या पायाचा दाब

आमच्या ह्यांच्या हृदयात गेल्या वर्षी स्प्रिंग बसवली, पण अक्कल बसवायची सोय नारायणगावातही नाही. हल्ली खोडदच्या शिवारात चार पावलं चालले की ह्यांची पोटरी भरून यायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "धर्माजी, घोट्याशी दाब मोजू. हृदयाच्या पेशंटचा पायातला दाब हातापेक्षा बराच कमी भरला, तर पुढे धोका जास्त. आज कळलं तर उपाय करता येईल." मी देवाला हात जोडले. हे मात्र खाटेवर ऐटीत पसरले.

हाताचा दाब डॉक्टरीणबाईंनी घेतला आणि पायासाठी नर्सला हाक मारून त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या. पडदा सरकला आणि आत आल्या आशाबाई, आमच्या वृषालीच्या सासूबाई! ह्या दवाखान्यात त्या परवाच लागल्या होत्या. ह्यांनी दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले.

"विहीणबाई, तुमी वरमाय. तुमचे पाय आमी धुवायचे. तुमी माझ्या पायाला हात लावला तर लेकीला तोंड कसं दावू? मेलो तरी चालंल!"

"मला बी लई हौस न्हाई," आशाबाई म्हणाल्या. खोटं कशाला बोलू, वरमाईपणाचा ताठा त्यांनाही होताच.

शेवटी मीच तोडगा काढला. दाब मोजायचा पट्टा पायाला मी बांधायचा, त्यांनी भिंतीकडे तोंड करून सांगायचं. आता त्या चिकटणाऱ्या पट्ट्यावर माझा काडीचा विश्वास नाही. लोकर कातरताना मेंढीचा पाय सैल राहिला की लाथ बसते, हे मला लहानपणापासून ठाऊक. पिशवीत सुतळी होतीच. पट्ट्याच्या वर करकचून दोन वेढे दिले, गाठ मारली आणि धोतर सारखं केलं. मग सांगितलं तसा, रक्ताचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्राचा पेन घोट्यामागे टेकवला.

"रक्ताचा आवाज येतोय का?" आशाबाईंनी भिंतीला विचारलं.

"न्हाई."

"जरा हलवून बघा."

"कायबी न्हाई."

हे पांढरेफटक पडले. "सुंदरे, पाय मेला! आता मरण वर चढत येणार!" आणि निरवानिरव सुरू झाली. मेंढरं थोरल्या लेकाला, दादाभाऊला; विहिरीची मोटर धाकट्या भरतला. "आन् विहीणबाई, लग्नात जिलेबी कमी पडली न्हवती. तुमच्या मानपानाचा राग आला, म्हणून मीच दोन पाट्या दडवल्या."

"ठावं हाय. वृषालीनं कवाच सांगितलंय," म्हणत आशाबाई गर्रकन वळल्या. मी रडत होते. हा माणूस आता जातोय, असंच मला वाटलं.

आशाबाईंनी ह्यांचं धोतर वर सारलं. सुतळी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"आवो, नवरा हाय का मेंढी?"

मानपान गेलं खड्ड्यात. त्यांनी कात्रीनं सुतळी कापली, ह्यांचा पाय दोन्ही हातांनी धरून चोळला, पट्टा नीट बांधला आणि पेन टेकवला. यंत्र लगेच बोलायला लागलं. सुंई, सुंई, सुंई.

दाब कमीच भरला. आशाबाईंनी काही लपवलं नाही. "कमी हाय, पण येळेवर घावलं. डाक्टर देतील त्या गोळ्या घ्यायच्या, रोज चालायचं. कुरकुर केली तर माझ्याशी गाठ हाय."

 ह्यांनी धोतर सावरून दुसरा पाय हळूच पुढे केला.

"ह्यो बी बघा, विहीणबाई."