अभिनंदनांखाली दबलेला वीरगळ

मित्रांनो, माधवनगरच्या एका कपाटात, इस्त्री आणि शिवणाच्या डब्याच्या मध्ये, मी निवांत बसलो आहे. मी एक जुना मोडेम. कॉम्प्युटरचं बोलणं टेलिफोनच्या तारेतून पाठवायचं आणि तारेतून आलेलं त्याला सांगायचं, हे माझं काम. त्याआधी मी घसा खाकरायचो. घरातलं मांजर त्या आवाजाने पळून जायचं, मला मात्र तो फार आवडायचा.

शरयूबाईंनी मला पुण्याहून एसटीने आणलं, मांडीवर घेऊन. बाई सांगलीच्या कॉलेजात इतिहास शिकवायच्या. घरात फोन एकच होता आणि मी कामाला लागलो की तो अडकायचा. मग बाईंचे सासरे अण्णा दारात येऊन विचारायचे, "शरयू, झालं का गं तुझं खरखरणं?"

१९९८ साली बाईंनी ई-मेलवर वीरगळांचा चर्चागट काढला. वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीसाठी कोरलेला दगड. आपल्या भागात गावोगावी ते आहेत, कुठे देवळापाशी, कुठे उसाच्या बांधावर. गटात सातारा-सांगलीचे, पुण्याचे, धारवाडचे अभ्यासक होते. बाईंनी एक रीत घालून दिली होती. प्रत्येकाने आधी 'पाहिलंय' किंवा 'ऐकलंय' असं लिहायचं, मगच पुढचं बोलायचं. त्यामुळे थापा कमी यायच्या आणि भांडणंसुद्धा वाचण्यासारखी व्हायची.

पण आपल्याकडचं मानपान तारेतूनही येतं. रहिमतपूरजवळचे धैर्यशीलराव, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, गटाचे मोठे उत्साही सभासद. त्यांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका गटावर पाठवली. तिचं चित्र एवढं जड, की ते ओढता ओढता माझा जीव मेटाकुटीला आला. मग एकाने अभिनंदन केलं. एकाने केलं म्हटल्यावर बाकीचे कसे गप्प बसणार? लग्नात कोण बोललं नाही हे लोक बरोबर लक्षात ठेवतात. सगळ्यांनी सगळ्यांना अभिनंदन पाठवलं, सुभेदारांनी एकेकाचे आभार सगळ्यांदेखत मानले. तेवढ्यात आष्ट्याच्या एका गुरुजींनी नातवाच्या बारशाची बातमी दिली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. बाईंना हे खटकत होतं, पण कुणाला कशाला दुखवायचं म्हणून त्या बोलल्या नाहीत.

एके दिवशी मी मोकळा असताना फोन वाजला. पलीकडे दीपमाला होती, सुभेदारांच्या शेजारच्या गावची, गटातलीच एक विद्यार्थिनी.

"मॅडम, उद्या गवंडी येणार हाय. आमचा वीरगळ देवळाच्या नव्या ओट्यात पालथा बसवणार. अक्षरं जुनी निघाली तर थांबू, म्हणत्यात पंच. मी गटावर अक्षरांच्या ठशाचं चित्र पाठवलं हुतं, पर कुणीच काय बोललं न्हाई. तवा काय सांगू त्यास्नी?"

बाईंनी शोधलं. लग्न आणि बारसं यांच्या मधोमध तिचं पत्र पडलं होतं. 'पाहिलंय' अशीच त्याची सुरुवात होती. बाईंचा चेहरा पडला, आणि मलाही फार वाईट वाटलं.

त्यांनी धारवाडला अवधूतला फोन लावला. त्याला जुनी कन्नड लिपी वाचता येते.

"मॅडम, गटावर हल्ली लग्नंच असतात. मी उघडणंच सोडलं," तो म्हणाला. पण आता त्याने लगेच उघडलं. त्याचं उत्तर येईपर्यंत अण्णा फोनपाशी खुर्ची टाकून बसले, कुणी मध्येच तो उचलू नये म्हणून. मीही सगळा जोर लावला. उत्तर आलं. लिपी जुनी कन्नड होती आणि गावची गुरं सोडवताना पडलेल्या एका माणसाचं नाव त्यात होतं.

बाईंनी ते दीपमालाला कळवलं आणि सुभेदारांनाही. सकाळी ते स्कूटरवरून पोचले तेव्हा गवंड्याने पहार लावून दगड पालथा केलेला होता, सिमेंट-वाळूचा माल कालवायचा तेवढा बाकी. पंचांसमोर दीपमालाने अर्थ वाचून दाखवला आणि सुभेदारांनी दगड सुलटा करून घेतला.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "मॅडम, दगुड वाचला. पर माझ्या पत्रिकंखाली गाडलाच हुता की वो."

"मी नियम करू का? अभिनंदन घरी कळवायचं, गटावर नाही. रागवाल का?"

"रागवायचं काय त्यात? पयला माझ्यावरच लावा."

नियम झाला. काही जण रुसले, गुरुजी तर गटच सोडून गेले. अवधूत मात्र परत आला आणि गट पुन्हा कामाला लागला. आज माझ्या जागी वेगवान मोडेम आहे. त्याचं मला काही वाटत नाही, मी काम केलंय.

मित्रांनो, जिथे पुष्कळ जण ऐकत असतात, तिथे बोलण्याआधी जरा मागे बघा. कुणी काही विचारून वाट बघत असेल.

नियम झाला त्याच्या पुढच्या वर्षी, मी अजून कामावर होतो तेव्हा, सुभेदारांच्या धाकटीचं लग्न ठरलं. कोपऱ्यांना हळद लावलेली पत्रिका पोस्टमनने आणून दिली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी गटावरचं त्यांचं पत्र ओढून आणलं. त्यात लग्नाचा शब्दही नव्हता. "पाहिलंय," त्यांनी लिहिलं होतं, "मांडवामागच्या उसात एक वीरगळ उभा आहे."