रिकाम्या जागी टाकलेला बॉल

माझा ओंद्रेय पळायचा, तेव्हा बघायला एक डोळा पुरायचा. बॉल त्याच्या काखेत आणि तो माझ्या नजरेत. समोरून तीन-चार धटिंगण येऊन त्याच्यावर कोसळायचे, तो त्यांना अंगावर घेऊन आणखी दोन पावलं पुढे सरकायचा आणि मग पडायचा. मी लोकरीच्या हातमोज्यांनी टाळ्या वाजवायची. स्टेडियममधल्या बाकीच्यांना अमेरिकेतला हा हातात धरून खेळायचा फुटबॉल किती कळत होता ते त्यांचं त्यांना ठाऊक. मला एवढं कळत होतं, की जमीन मिळवायची ती रेटून, हातभर हातभर. आमच्याकडे सगळं तसंच आलं होतं. माझा नवरा श्टेफान आमच्या लोरेन गावच्या पोलाद कारखान्यात भट्टीपुढे आयुष्यभर उभा राहिला, तेव्हा हे घर उभं राहिलं. वरून कुणी फेकलं नव्हतं.

पेपरवाल्यांना वाटतं, पळणारा आपल्या पायांनी पळतो. त्याच्यापुढे पाच जणांची फळी असते, एकेक गडी गोठ्याच्या दाराएवढा. ते समोरच्यांना ढकलून फट पाडतात आणि तेवढ्यात हा त्यातून घुसतो. त्या पाचांची नावं कुणी घेत नाही. म्हणून पहिल्याच मोसमात मी ओंद्रेयला सांगितलं, ज्यांच्या पाठीमागून पळतोस त्यांना आपल्या घरी जेवायला आणायचं. तेव्हापासून दर गुरुवारी सराव संपला, की पाचही जण माझ्या टेबलाशी. होलुब्कीचं मोठं पातेलं चढायचं. कोबीच्या पानात खिमा आणि तांदूळ भरून केलेल्या वळकट्या, टोमॅटोच्या रसात चार तास. तळाशी एक वळकटी कायम लागायची, कडेनं काळी, आतून गोड. पूर्वी ती श्टेफानची असायची. तो गेल्यावर मी नियम केला, त्या आठवड्यात मैदानावर ज्यानं जास्त सोसलं, वळकटी त्याची. नऊ वर्षं ती बहुतेक ओंद्रेयच्याच ताटात पडली. मी त्याची आई आहे म्हणून नव्हे. बरं, थोडंसं म्हणूनही.

मग नियम बदलले. लांब पळत जाऊन बॉल झेलणाऱ्यांना पाच यार्डांपुढे कुणी धरायचं नाही, ढकलायचं नाही, असं ठरलं. फळीतल्या गड्यांना पंजे उघडून समोरच्याला थोपवायची मुभा मिळाली. कागदावर दोनच ओळी, पण त्यांनी खेळ फिरवला. आमच्याकडे नवा कोच आला आणि त्यानं कॅलिफोर्नियाहून एक क्वार्टरबॅक आणला. फळीच्या मागे उभं राहून बॉल कुणाला द्यायचा ते ठरवतो तो क्वार्टरबॅक. आधीचा बिचारा बॉल मुकाट ओंद्रेयच्या पोटात कोंबून बाजूला व्हायचा. हा नवा, केंट मोरो, बॉल घेऊन पाच-सात पावलं मागे सरकायचा आणि फेकायचा. पुन्हा फेकायचा. डोकं पिवळ्या केसांचं, दात जाहिरातीतले, मनगट माझ्या लाटण्याएवढं. मी शेजारणीला म्हटलं, हा खेळतोय की कबुतरं उडवतोय.

त्या डिसेंबरातल्या एका गुरुवारी पातेलं तयार होतं, सहा ताटं मांडलेली होती, आणि दारात आले दोघंच. ओंद्रेय आणि फळीच्या मधोमध खेळणारा एमेट टिब्स. एमेट अलाबामाचा, बोलायला साखर आणि अंगानं रेल्वेचं इंजिन. मी विचारलं, बाकीचे चौघे कुठे मेले. ओंद्रेय बूट काढत बसला. उत्तर एमेटनं दिलं.

"मिस वेरोना, केंटनं त्यांना स्टेक खायला नेलंय. आता आम्ही मार खातो तो त्याच्यासाठी. म्हणून तो खायला घालतो. रीत तुमचीच आहे."

  माझीच रीत उचलून दुसऱ्यानं माझ्याच तोंडावर मारली होती, तीही स्टेक लावून.

"मग तू का नाही गेलास?"

"स्टेक मला घरी बायको करते," एमेट म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.

जेवताना सगळं बाहेर आलं. कोचनं ओंद्रेयला बोलावून सांगितलं होतं, की पळण्यासाठी आता तुझी गरज नाही. बॉल फेकायचा असतो तेव्हा समोरचा एखादा गडी फळीच्या कडेनं सुटून थेट क्वार्टरबॅकवर येतो. त्याला अडवायला मागे एक माणूस लागतो. ते काम जमलं तर राहा. रविवारी बघू. नाही जमलं तर सोमवारी कपाट रिकामं कर, तुझ्या जागी कॉलेजातून आलेला एक चपळ पोरगा तयार आहे.

आणि ओंद्रेयला ते जमत नव्हतं. मागच्या दोन सामन्यांत त्यानं एकच चूक केली होती, नऊ वर्षं पळलेल्या माणसालाच करता येईल अशी. गडी येताना दिसला, की याचे पाय आपोआप पुढे जायचे. हा त्याला भिडायला धावायचा, तो बगल देऊन निसटायचा आणि मागे केंट मोरो आडवा. दुसऱ्यांदा तर केंटचा खांदा सुजून भोपळा झाला.

"थांबायचं असतं, आई," ओंद्रेय म्हणाला. "त्याला येऊ द्यायचं. छातीला लागेपर्यंत येऊ द्यायचं. मला थांबताच येत नाही."

मला संतापच आला. माझा मुलगा, ज्याच्या नावानं स्टेडियम दणाणायचं, त्यानं आता पिवळ्या केसांच्या एका पोराची राखण करायची. बॉलला हात लावायचा नाही, कुणी नाव घ्यायचं नाही, रविवारभर कुणाचे तरी धक्के खायचे. मी म्हणणार होते, सोड, उद्याच सोड, आम्हा हुडाकांच्या घरात कुणी कुणाचा पहारेकरी नव्हता. पण पोराच्या तोंडाकडे पाहिलं. एकतिसाव्या वर्षी त्याला गुडघे टेकून उठताना टेबलाचा आधार लागत होता, आणि तरी त्याला खेळायचंच होतं. लहानपणी चर्चमध्ये मेणबत्ती धरायला मिळावी म्हणून जसा बघायचा, तसा बघत होता.

मी त्याच्या ताटात वाढता वाढता म्हटलं, "तुझा बाप भट्टीपुढे उभा राहायचा. पोलाद बाहेर यायच्या आधी तो कधी त्याच्याकडे धावत गेला?"

ओंद्रेयनं मान वर केली.

"गेला असता तर पहिल्याच दिवशी जळाला असता. पाय रोवून उभा राहायचा, दार उघडायची वाट बघत. भित्रा होता का तो?"

एवढंच बोलले. एमेटनं तेवढ्यात दोन वळकट्या आणखी ओढल्या. त्या आठवड्यात तळाची वळकटी मी कुणालाच दिली नाही. पातेल्यातच राहिली.

रविवारी स्टेडियमशेजारच्या सरोवरावरून बर्फ आडवा येत होता. मी श्टेफानचा जुना कोट घालून नेहमीच्या जागी बसले, मांडीवर सूपचा थर्मास. मनाशी ठरवून गेले होते, की बॉलकडे बघायचंच नाही. बॉल बघायला सगळं शहर आलंय. मी फक्त ओंद्रेयच्या पाठीवरचा चौतीस नंबर बघणार.

पूर्ण सामनाभर तसंच बघितलं, आणि जे बघितलं ते याआधी कधी बघितलं नव्हतं. केंट मागे सरकायचा, ओंद्रेय त्याच्या बाजूला गुडघे वाकवून उभा राहायचा, नजर समोर, हात छातीशी. कधी कुणीच यायचं नाही आणि तो नुसताच उभा राहायचा. कधी एखादा यायचा, आणि पहिल्या दोन वेळा ओंद्रेयचा उजवा पाय पुढे गेलेला मला दिसला. त्यानं तो मागे ओढला, दावं तोडून पळू बघणाऱ्या खोंडाला ओढावं तसा. लोक माझ्या आजूबाजूला ओरडत होते, उठत होते, बसत होते. कोणी किती मिळवलं ते मी विचारलंही नाही.

शेवटची दोन मिनिटं उरली, तेव्हा आम्ही चार पॉइंटांनी मागे होतो. म्हणजे बॉल थेट शेवटच्या रेषेपलीकडे नेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि ती रेषा अर्धं मैदान लांब होती. मागे बसलेला एक म्हातारा म्हणाला, बॉल हुडाककडे द्या, अजून चारदा तरी घुसेल. मागच्या वर्षी मीही हेच म्हटलं असतं.

एमेटनं बॉल मागे दिला. केंट सरकू लागला. आणि डावीकडून, जिथं कुणीच नव्हतं तिथून, समोरच्यांचा काळ्या-चंदेरी कपड्यांतला एक गडी सुटला. पाठीवर वारा घेऊन आल्यासारखा आला. मी थर्मास घट्ट धरला. आता ओंद्रेय धावणार, असं वाटलं. माझेच पाय बाकाखाली पुढे गेले होते.

ओंद्रेय धावला नाही. उभा राहिला. त्या गड्याला येऊ दिलं, आणखी येऊ दिलं, इतकं की मी डोळे मिटायच्या बेतात आले, आणि मग खाली वाकून छातीनं त्याला घेतलं. आवाज वरपर्यंत आला, मालगाडीचे डबे एकमेकांना लागावेत तसा. ओंद्रेयच्या टाचा बर्फात रुतल्या, घसरत मागे गेल्या, दोन रेघा उमटल्या, आणि टाचा थांबल्या. तो गडी त्याच्यावरून हात लांब करून केंटला पकडू बघत होता. बोटांमध्ये आणि केंटमध्ये एका लाटण्याचं अंतर. केंटनं त्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही.

आणि सगळं स्टेडियम गप्प झालं.

इतक्या वर्षांत ते मी ऐकलं नव्हतं. पळणाऱ्यासाठी लोक ओरडत राहतात, सतत, ढोल बडवल्यासारखे. हे वेगळं होतं. इतकी माणसं एकाच वेळी श्वास घ्यायची थांबली होती. माझा नेम मोडला. मी वर पाहिलं.

बॉल वर होता. बर्फ आडवा जात होता, झेंडे फाटायला आले होते, आणि तो त्यातून स्वतःच्या वाटेनं चालला होता. इतका घट्ट गरगरत, की फिरतोय असं वाटतच नव्हतं. दिव्यांच्या उजेडापलीकडे काळोखात शिरला, दिसेनासा झाला, आणि परत आला. मी बॉल जिथं उतरणार तिकडे पाहिलं. तिथं कोणीच नव्हतं. नुसतं पांढरं मैदान. मी म्हटलं, चुकला पोरगा. आणि मग कुठूनसा आमचा एक सडपातळ गडी पळत आला, मान न वळवता, आणि त्या रिकाम्या जागी पोहोचला, आणि हात पुढे केले, आणि बॉल जणू तिथंच त्याची वाट बघत लोंबत होता.

लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. मागच्या म्हाताऱ्यानं माझ्या टोपीचं चुंबन घेतलं. मी छातीवर क्रूस काढला, कशासाठी ते मला सांगता येणार नाही. ईस्टरच्या पहाटे चर्चचे सगळे दिवे एकदम लागतात, तेव्हा होतं तसं काहीतरी झालं. मग मी परत माझ्या चौतीस नंबरकडे वळले. सगळे त्या झेलणाऱ्याकडे धावत सुटले होते. मैदानाच्या मधोमध ओंद्रेय अजून पालथा पडला होता, आणि केंट मोरो एकटाच उलट दिशेनं येऊन, दुखऱ्या खांद्यानं, त्याला बगलेत हात घालून उठवत होता.

सोमवारी कपाट रिकामं करायला लागलं नाही.

गुरुवारी मी सात ताटं मांडली. पाचही आले, तोंडं चोरून आले, आणि मी त्यांना स्टेक कसा होता ते चवीचवीनं विचारलं. केंट सगळ्यात मागे, हातात कार्नेशनची फुलं घेऊन. होलुब्की त्यानं आधी सुरीनं उलगडून पाहिली. मी म्हटलं, बाँब नाहीये, खा. खाल्ली, मग चार खाल्ल्या.

तळाची वळकटी चमच्यात घेऊन मी उभी राहिले आणि मला काही कळेना. माझा हात ओंद्रेयकडे निघाला होता. "आई, मी त्या दिवशी बॉलला हातही लावला नाही," तो म्हणाला. केंटनं आपल्या ताटावर पंजा ठेवला आणि काट्यानं ओंद्रेयकडे बोट दाखवल्यासारखं केलं. त्या दोघांचं तू-तू चाललं असताना एमेटनं चमचा माझ्या हातातून घेतला आणि वळकटी तोंडात टाकली.

"नऊ वर्षं," तोंड भरलेलं असतानाच म्हणाला, "नऊ वर्षं आम्ही याला वाट करून दिली, मिस वेरोना, आणि नुसता वास घेतला."

हसून हसून मला खाली बसावं लागलं. मग मी केंटला, जे रविवारपासून डोक्यात घोळत होतं, ते विचारलं. बॉल सोडलास तेव्हा तिथं कोणी नव्हतं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"नव्हतंच," तो म्हणाला. "तो तिथं येणार होता."

"आणि आला नसता तर?"

"तर मूर्ख दिसलो असतो."

"आणि तो हात तुझ्या नरड्याशी आलेला?"

"तिकडे मी बघत नाही. तिकडे हुडाक असतो."

मी ॲप्रन झटकला आणि म्हटलं, दाखव मला. बाहेर अंगणात. सगळ्यांना वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. मी कोट चढवला तेव्हा उठले. दिवस बुडत होता, गल्लीतला दिवा नुकताच लागला होता, कपड्यांच्या दोरीवर बर्फाची किनार. केंटनं मला कोळशाच्या खोपटाकडे सरळ चालायला सांगितलं. मागे बघायचं नाही, मी सांगेन तेव्हा वळायचं. ओंद्रेय सवयीनं त्याच्यापुढे जाऊन गुडघे वाकवून उभा राहिला, कारण एमेट बैलासारखा फुरफुरत अंगणाच्या दुसऱ्या टोकाहून निघाला होता. बाकीचे चौघे पायरीवर बसून पैजा लावत होते.

मी चालू लागले. बूट बर्फात करकरत होते. मागे धाड आवाज झाला, एमेट हसत शिव्या देत होता, म्हणजे माझा पोरगा जागचा हलला नव्हता. मला मागे बघायचं होतं. मी बघितलं नाही.

"आता, मिसेस हुडाक," केंट म्हणाला.

मी वळले, ॲप्रन दोन्ही हातांनी पुढे धरला, आणि बॉल त्यात येऊन पडला. त्यानं बोलायच्या आधीच तो हातातून सुटलेला होता. मी अजून पोहोचले नव्हते, तेव्हाच तो माझ्याकडे यायला निघाला होता.

गार होता. वरच्या शिवणीवर थोडा बर्फ लागलेला. मी तो ॲप्रनमध्येच धरून बराच वेळ उभी राहिले, आणि आत चला, कॉफी गार होतेय, असं ओरडायचं विसरून गेले.