बाबांच्या रक्तातले पाहुणे

आयुष्यभर लोकांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवला, पण कुणाचं थेंबभर रक्त काढलं नाही, अशी बाबांची फुशारकी होती.

*

एका खड्याची अंगठी. सूक्ष्मदर्शकाखाली, लाल पेशीच्या आत, ती अगदी तशीच दिसते. फरक एवढाच की ही अंगठी जिवंत असते.

*

ज्याला मारायचं त्याला आधी पोटभर जेवू घालावं लागतं. वर अंगाइतकी ऊब द्यायची आणि हवा बेताचीच, कारण फार हवा त्याला सोसत नाही.

*

दुकानाची खुर्ची विकली गेली. आरसा कुणी घेतला नाही.

*

हे सगळं एकाच घरातलं. बाबा न्हावी होते. हात थरथरायला लागले तसा त्यांनी वस्तरा खाली ठेवला, आणि मग दिवसभर करायचं काय, हा प्रश्न त्यांच्यासमोर येऊन बसला. त्यांची लेक मलेरियाच्या जंतूंवर संशोधन करायची. घरात तिला ठमी म्हणत, प्रयोगशाळेत कुणाला हे माहीत नव्हतं.

हा जंतू माणसाच्या लाल पेशीत शिरतो, दोनेक दिवस आत बसून वाढतो, मग पेशी फोडतो आणि त्याची पिल्लं नवं घर शोधायला निघतात. त्याच्याकडे पाच हजारांवर जनुकं असतात, पण सगळी एकदम जागी नसतात. प्रत्येकाची उठायची वेळ ठरलेली. ठमीने ठरल्या वेळी बाटलीतून थोडे जंतू काढायचे, जागच्या जागी गोठवायचे आणि त्या घटकेला कोणतं जनुक कामाला लागलं होतं, कोणतं लोळत पडलं होतं, ते वाचायचं. दुसऱ्याच्या घरात डोकावून कोण कधी उठतं ते टिपून घ्यायचं, असं ती बाबांना समजावायची. म्हणजे चहाड्या करायच्या, असा बाबांनी त्याचा अर्थ लावला होता.

*

जंतूंना रक्त लागतं, तेही माणसाचंच. रक्तपेढीतून यायचं ते मध्येच बंद झालं आणि ठमीने जेवताना सहज कुरकुर केली. बाबांनी ताटावरच बाही वर सारली.

त्यांचा गट नेमका हवा तोच निघाला. रीतसर सह्या झाल्या, नर्सने पिशवी भरली, आणि घरात बसून बसून वाळत चाललेल्या माणसाला पालवी फुटली. बाबा पालेभाजी मागून खाऊ लागले. शेजाऱ्यांना सांगू लागले, की हल्ली आपल्याकडे पाहुणे असतात, तेही लाखांनी. स्वतःला लहानपणी हाच ताप येऊन गेला होता, म्हणून जुनी ओळख असल्याचंही ऐकवत. संध्याकाळी ठमीने चपला काढायच्या आत प्रश्न यायचा, "पाहुणे काय म्हणतात?"

*

नवं रक्त आलं की आधी एकाच बाटलीत घालून पाहायचं, जंतू त्यात नीट वाढतात का ते बघायचं आणि मगच बाकीच्या बाटल्यांना द्यायचं. प्रयोगशाळेतली ही पहिल्या दिवशी शिकवायची गोष्ट. परक्याचं रक्त असतं तर ठमीने तसंच केलं असतं. पण बाबांचं म्हणून तिने ते थेट सगळ्या बाटल्यांत ओतलं. बापाच्या रक्ताची कुठे परीक्षा घ्यायची?

*

ज्या वेळी जंतू फुगून पेशीभर व्हायला हवे होते, त्या वेळी सूक्ष्मदर्शकाखाली अजून अंगठ्याच, म्हणजे नुकते आत शिरलेले कोवळे जंतू. जनुकांचा आलेख आला तो त्याहून विचित्र होता. जी एव्हाना उठून कामाला लागायला हवीत ती डोक्यावरून पांघरूण घेऊन पडलेली, आणि ज्यांनी दुकान आवरायला हवं ती अजून गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेली.

ठमीने हवेच्या नळ्या तपासल्या, खाद्य बदललं, उबेच्या पेटीशी भांडली. मॅडमनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, आलेखावर एकदा नजर टाकली आणि रक्त कुणाचं आहे एवढंच विचारलं. मग, आधी एका बाटलीत करून पाहिलं होतं का, असंही विचारलं. ठमीने मान खाली घातली. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी शीतकपाटातून दुसऱ्या एका दात्याचं उरलेलं थोडं रक्त काढून दिलं. त्यात तेच जंतू कसे मुकाट वेळेवर वाढले.

मग ठमीने बाबांच्या रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि त्याची हवा कमी केली. पाहता पाहता गोल गरगरीत पेशींतल्या काही वाकल्या, कोयत्यासारख्या.

*

त्या संध्याकाळी पाहुणे मजेत होते. दुसऱ्या संध्याकाळीही.

*

पुन्हा रक्त द्यायचा दिवस आला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून हजर. नर्सने दंडाला पट्टा बांधला. ठमीच्या मनात आलं, घ्यावं काढून आणि द्यावं ओतून, यांना कुठे कळणार आहे? पालेभाजी चालू राहील, पाहुण्यांची चौकशी चालू राहील.

"बाबा, थांबा. तुमच्या रक्तात ते धड वाढत नाहीत."

"कोण, पाहुणे?" बाबांनी विचारलं. "तू तर म्हणालीस मजेत आहेत."

"खोटं बोलले."

बाबा थरथरणाऱ्या हाताकडे बघत राहिले. "म्हणजे हेही गेलं," ते म्हणाले.

ठमी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली. काही माणसांच्या रक्तात जन्मापासून थोडा फरक असतो, हवा कमी झाली की त्यातल्या काही पेशी कोयत्यासारख्या वाकतात, तुम्हाला त्याने त्रास नाही, पण आत शिरलेल्या जंतूचं वेळापत्रक पार कोलमडतं, असं तिने सांगितलं. पक्कं कळायला वेगळी तपासणी लागेल, तीही तुम्ही हो म्हणालात तरच. आणि तसंच निघालं, तर तुमचं रक्त आधीपेक्षा जास्त हवंय. पाहुण्यांना वाढवायला नाही, त्यांचे हाल कसे होतात ते बघायला.

बाबा हसतील असं तिला वाटलं होतं. ते हसले नाहीत.

"जन्मापासून म्हणालीस. सगळ्या भावंडांत असतं?"

"असेलच असं नाही. एकाला मिळतं, दुसऱ्याला नाही."

मग बाबांनी जे सांगितलं ते घरात कधीच कुणी बोललं नव्हतं. त्यांना एक धाकटी बहीण होती. दोघांना एकाच वेळी ताप आला, दोघं एकाच खाटेवर. हे उठले, ती उठली नाही. आईने मुलाला जपलं आणि मुलीकडे दुर्लक्ष केलं, असं नातेवाईक म्हणाले आणि म्हणतच राहिले. आई कधी उलटून बोलली नाही.

"दोघांना सारखंच औषध दिलं होतं गं तिने," बाबा म्हणाले. "एकाच चमच्याने. मी बघत होतो ना. पण लहान पोराचं कोण ऐकतं? पुढे पुढे मलासुद्धा वाटायला लागलं, की असेल, मलाच थोडं जास्त दिलं असेल."

"बहुतेक नाही, बाबा. बहुतेक हे तुमच्या रक्तामुळे झालं."

"बहुतेक?"

"तपासणी झाली की आणखी खात्रीने सांगेन."

बाबांनी कोपर सरळ केलं. आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आले तसं आता स्वतःलाच म्हणाले, "हलायचं नाही." ठमीने त्यांचं थरथरणारं मनगट दोन्ही हातांत धरलं आणि नर्सने सुई टोचली.

*

ठमीने स्वतःचं रक्त आदल्याच आठवड्यात तपासून घेतलं होतं. त्यात कोयत्यासारखी वाकणारी पेशी एकही नव्हती. ते तिच्या आईवर गेलं होतं.